आपसी बदली

आमच्या घरामागे अमेरिकनांचं मैदान आहे. म्हणजे आता ते अमेरिकनांचं नाही, पण हायडेलबर्गच्या आमच्या भागात अजून सगळे तसंच म्हणतात. सैन्य निघून गेलं, बराकींची घरं झाली, त्यातल्याच एका घरात आम्ही भाड्याने राहतो. मैदान मात्र एका फेराइनने, म्हणजे इथल्या क्लबने, जसंच्या तसं सांभाळलं. तिथे बेसबॉल चालतो. आमची मुलगी तिथे खेळते, कारण तिच्या वर्गातल्या दोघी तिथे खेळतात. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. शनिवारी मुलीला सोडायचं, जाळीमागच्या बाकावर बसायचं आणि आठवडाभर तुंबलेले मेल फोनवर निपटायचे, एवढाच माझा बेसबॉलशी संबंध.

त्या बाकावर माझे सासरे येऊन बसायला लागले तो त्यांचा आमच्याकडचा दुसरा उन्हाळा होता. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. दोघेही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं घर बांधून राहिलेले. आई गेल्यावर बाबा त्या घरात एकटे उरले आणि तिन्ही मुलांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागला: बाबांनी राहायचं कुठे? थोरला माझा नवरा, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मधली नणंद पुण्यात. धाकटा दीर बंगळुरूला. आईवडिलांना इथे कायमचं आणणं जवळपास अशक्यच. व्हिसा मिळतो तो तीन महिन्यांचा. म्हणून उन्हाळा आमच्या वाट्याला आला. जूनमध्ये बाबा यायचे, ऑगस्ट संपता संपता परत जायचे, ते थेट पुण्याला. त्यानंतर बंगळुरू. मग पुन्हा पुणे. मधे कधीतरी चार-आठ दिवस स्वतःच्या घरी, जाळी-जळमटं काढण्यापुरते.

पहिला उन्हाळा त्यांनी खिडकीपाशी बसून काढला. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, पुरे झालं, आणि पहिल्याच शनिवारी त्यांना मैदानावर नेलं.

बाकावर दोन माणसं ठरलेली असायची. एक अमेरिकन, सत्तरी ओलांडलेला. तरुणपणी सैन्यातून इथे आला, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि सैन्य गेलं तरी राहिला. आमच्या मुलीमुळे तो आमच्या घरात अमेरिकन काका झाला होता. दुसऱ्या म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या एक जर्मन बाई. त्यांचा नवरा याच फेराइनचा जुना खेळाडू. तो गेला, पण बाईंनी बाक सोडला नाही. दोघांसमोर आमच्या इथल्या मुलांचा सामना चाललेला असायचा आणि दोघं बोलत असायचे भलत्याच संघाबद्दल. अमेरिकन काकांच्या गावचा संघ समुद्रापलीकडे खेळायचा. त्याचे सामने आपल्या मध्यरात्री, त्यामुळे सकाळी उठून त्याची काटछाट केलेली चित्रफीत बघायची आणि शनिवारी बाकावर त्याची चिरफाड करायची, असा त्यांचा नेम होता.

चिरफाडीचा विषयही एकच. कोणाला काढायचं, कोणाला आणायचं. तिकडे संघ आपसांत खेळाडूंची देवघेव करतात. आमचा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घ्या, तुमचा तो बॅट्समन द्या. जुलैच्या शेवटी त्याची मुदत संपते, म्हणून जून-जुलैत सगळे त्याचंच बोलतात. बाकाचा एक नियम होता. नुसतं "त्याला आणा" म्हणायचं नाही. त्याच्या बदल्यात आपला कोण द्यायचा, ते आधी सांगायचं. पोस्टातल्या बाई या बाबतीत फार कडक. काकांनी कुणाचं नाव काढलं की त्या लगेच हात पुढे करायच्या, "आल्झो, बोला तर मग, देणार कोणाला?"

बाबांनी हे थोडा वेळ ऐकलं. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, सावकाश, पण बरोबर. मग ते काकांकडे वळून म्हणाले, "म्हणजे दोघांची अदलाबदल होते? हा तिकडे, तो इकडे?"

"बरोबर," काका म्हणाले.

"आणि पद तेच राहतं?"

"साधारण तेच. पिचर पिचरच राहतो."

बाबांचा चेहरा असा उजळला की मी फोन खाली ठेवला. "आपसी बदली!" ते मला मराठीत म्हणाले. "अगं, ही तर आपसी बदली."

त्या दिवसापासून बाबांना बेसबॉल लागला. सकाळी मी ऑफिसच्या पहिल्या कॉलला बसायचे तेव्हा स्वयंपाकघरात बाबा टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून, चहा घेत, त्या संघाचा सामना बघत असायचे. खेळाचे नियम त्यांनी मुलीकडून शिकून घेतले. ते मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि दोघांचं कसं कोण जाणे पण जमायचं. पण त्यांचं खरं लक्ष खेळापेक्षा खेळाडूंवर. कोण कुठला, त्याची आई कुठे असते, लग्न झालंय का, मुलं किती, हे सगळं ते इंटरनेटवरून शोधून काढायचे. शनिवारी तयारीनिशी बाकावर.

"तुमचा तो सेकंड बेसवाला," ते काकांना म्हणायचे, "त्याचं गाव दक्षिणेकडच्या बेटावर आहे. बायको तिकडेच आहे. आता मूल झालंय. त्याला समुद्राजवळच्या एखाद्या संघात पाठवा. त्या संघात एक पिचर आहे, त्याचं घर तुमच्या गावापासून दोन तासांवर आहे. त्याला इकडे आणा. दोघांची सोय होईल."

काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. "दोघांची सोय! हे आमच्या मॅनेजरला कळवायला हवं." मग ते समजावून सांगायचे, त्या पिचरचा खांदा दुखावलेला आहे, सेकंड बेसवाला हातातला हुकमी पत्ता आहे, त्याच्या बदल्यात दोन तरुण खेळाडू तरी यायला हवेत. बाबा ऐकून घ्यायचे. "खांदा बरा होईल. घरचं जेवण मिळालं की होतो," एवढंच म्हणायचे. पोस्टातल्या बाईंना ते पटायचं. "जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, अशी त्या मान डोलवायच्या, आणि थर्मासमधून बाबांना कॉफी ओतायच्या.

मलाही त्याची गंमतच वाटायची. एका शनिवारी परत येताना मी त्यांना चिडवलं, "बाबा, तुम्ही तर सगळ्या संघांचं विवाह मंडळ काढलंत. याला त्याच्या बायकोजवळ, त्याला त्याच्या आईजवळ."

ते हसले नाहीत. चालता चालता त्यांनी मला जे सांगितलं ते मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी नीट ऐकलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडून तुकडे ऐकले होते, "आम्ही लहान असताना बाबा शनिवारी यायचे", एवढेच.

त्यांचं लग्न झालं तेव्हा आई एका जिल्ह्यातल्या शाळेत आणि बाबा दुसऱ्या. मधे एसटीचा दिवसभराचा प्रवास, एक गाडी बदलून. मुलं आईजवळ. बाबा शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडी पकडायचे, रात्री पोचायचे, रविवारी दुपारी परत निघायचे. बदलीचे अर्ज दरवर्षी केले, दरवर्षी ते कुठेतरी पडून राहिले. त्या काळी एकच हमखास वाट होती. आपल्या गावाकडच्या शाळेत नोकरी करणारा, पण घर आपल्या नोकरीच्या गावाकडे असणारा, असा दुसरा मास्तर शोधायचा. त्यालाही आपल्याएवढीच घरी जायची ओढ असायला हवी. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मी त्याच्या जागी जातो, तो माझ्या जागी येतो. ही आपसी बदली. बाबा वर्षानुवर्षं असा माणूस शोधत होते. प्रशिक्षणाला गेले की विचार, लग्नाला गेले की विचार, एसटीत शेजारी मास्तर दिसला की विचार.

"आणि मिळाला?"

"मिळाला ना. जिल्हा परिषदेच्या कँटीनमध्ये भेटला. तो तिकडून असाच शोधत आलेला. आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो होतो, कँटीनवाला बघत राहिला. माझा थोरला तेव्हा चौथीत गेला होता. तो मास्तर अजून आहे. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा काठी टेकत आला होता."

बाबा बाकावर बसून काय करत होते ते मला कळलं होतं. त्यांच्या लेखी प्रत्येक देवघेव म्हणजे दोन घरांचं भलं. दोन माणसं एकमेकांना शोधत आलीत, दोघांनी सह्या केल्यात आणि आता दोघं आपापल्या घरी निघालेत. अमेरिकेतल्या एका अख्ख्या खेळाचा धंदा मास्तरांच्या घरी जाण्याच्या धडपडीवर चालतो असं ते धरून चालले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. खरं काय ते मलाही नीट माहीत नव्हतं, आणि शोधून बघावंसं वाटलं नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा काका उभेच होते. तो सेकंड बेसवाला गेला होता. आदल्या रात्री सामना चालू असतानाच बातमी आली, आणि काकांनी फोनवर ती चित्रफीत काढून ठेवली होती. बाबा फोनवर वाकले. मीही वाकले.

खेळ चालू आहे. तो मुलगा मैदानावर आहे. मॅनेजर त्याला हात करून बाहेर बोलावतो, त्याच्या जागी दुसरा जातो. खेळाडू बसतात त्या ओट्यावर तो येतो आणि एकेक जण उठून त्याला मिठी मारतो. तो कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवतो. कॅमेरा तिथून हलतच नाही. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात.

"वा," बाबा म्हणाले. "निरोप समारंभ. असा द्यायला हवा निरोप. आमच्याकडे नुसता नारळ देतात. कुठे मिळाली त्याला बदली? समुद्राजवळ?"

काकांनी एका शहराचं नाव सांगितलं. ते अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत. बाबांना नकाशा आता पाठ झाला होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तिकडे? त्याने तिकडे का मागितली?"

"त्याने नाही मागितली," काका म्हणाले.

"मग तिकडच्या माणसाने मागितली असेल. पण याने सही का केली?"

काका आणि पोस्टातल्या बाई एकमेकांकडे बघायला लागले. मग काकांनी, मला वाटतं जास्तीत जास्त हळुवारपणे, सांगितलं की सही-बिही काही नसते. दोन संघांचे मॅनेजर फोनवर ठरवतात. खेळाडूला ठरल्यावर सांगतात. याला सामना चालू असताना सांगितलं. आजच्या आज विमानाने निघायचं, उद्या तिकडे खेळायचं, बायको मागाहून सामान बांधेल.

"त्याला कुणी विचारलं नाही?"

"नाही. तसं विचारत नाहीत. काही मोठ्या, जुन्या खेळाडूंना तेवढा हक्क असतो. याला नव्हता."

"म्हणजे तो रडत होता ते..."

"हो," काका म्हणाले.

पोस्टातल्या बाईंनी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की त्याला पैसे भरपूर मिळतात. बाबांनी मान हलवली, पैसे मान्य केले. बाईंनी ओतलेली कॉफी त्यांच्या हातात तशीच होती. समोर आमच्या इथल्या मुलांचा सामना सुरू झाला, कुणीतरी चेंडू जाळीवर मारला, आम्ही सगळे दचकलो. बाबा दचकले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कप बाईंना परत दिला, दोघांना हात जोडून नमस्कार केला आणि घराकडे चालू लागले. मुलीला काकांकडे सोपवून मी मागोमाग गेले.

"मी इतके आठवडे त्या पोराला कुठे कुठे पाठवत होतो," ते रस्त्यात म्हणाले. "आज इकडे, उद्या तिकडे. हसत हसत."

"बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच म्हणत होतात."

"तेही चांगल्यासाठीच म्हणत असतील की संघाच्या." ते थांबले. श्वास लागला होता. "आपण चांगल्यासाठी म्हणतो हे त्याला काय कामाचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबलेट साखरेच्या डब्याशी टेकवलेला नव्हता. बाबा चहा घेऊन नुसते बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "डोळे दुखतात." त्यांचे डोळे दुखत नव्हते, हे मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. दोघांनी ते तिथेच सोडलं.

रविवारी दुपारी भावंडांचा कॉल असतो. पडद्यावर नणंद, दीर, इकडे माझा नवरा. "जय भीम", "जेवलात का", "हवा कशी आहे" एवढं झालं की बाबांशी दोन मिनिटं, मग बाबा सोफ्यावर जाऊन बसतात आणि कॉल पुढे चालू राहतो. त्या रविवारी बाबा फरसबी निवडत बसले होते, टेबलापासून चार हातांवर. मी ओट्यापाशी.

विषय ठरलेलाच. पुढच्या वर्षाचं बाबांचं कसं. नणंदेच्या मुलाची दहावी, त्यामुळे जानेवारीनंतर तिच्याकडे जमणार नाही, मुलाला स्वतंत्र खोली हवी. दीर म्हणाला, मी फेब्रुवारी-मार्च घेतो, पण मग दिवाळी तुझ्याकडे. नणंद म्हणाली, दिवाळी मी घेते, मग मे तू घे, मे माझ्याकडून होणार नाही. माझा नवरा म्हणाला, आमचा उन्हाळा पक्का आहे, पण व्हिसाची तारीख पुढेमागे झाली तर जूनचे पंधरा दिवस कुणीतरी धरा. दीर म्हणाला, पंधरा दिवस धरतो, पण त्याबदल्यात मार्चचा शेवट ताईने घ्यावा.

त्याबदल्यात. माझे हात पिठात होते. मी वळून बाबांकडे पाहिलं. ते शेंगेची शीर ओढत होते, एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. मान खाली.

मग दिराने घराचं काढलं. गावचं घर नुसतं बंद पडून आहे, वाळवी लागेल. बँकेत नव्याने आलेले एक साहेब भाड्याने मागताहेत, कुटुंब चांगलं आहे, ऑगस्टअखेर किल्ली हवी म्हणतात. देऊन टाकू. बाबांचं सामान एका खोलीत बंद करून ठेवता येईल. नणंद म्हणाली, हो, देऊनच टाकू, रोज तिथला विचार तरी नको. माझ्या नवऱ्याने मान डोलावली. "गेनाऊ, तेच प्रॅक्टिकल आहे."

ही माणसं वाईट नाहीत. मला हे इथे सांगायलाच हवं, कारण मी त्या क्षणी भयंकर चिडले होते. तिघांचंही बापावर जिवापाड प्रेम आहे. बाबा एकटे असताना पडले तर, रात्री छातीत दुखलं तर, या भीतीने तिघं झोपत नाहीत. माझा नवरा तर आईच्या वेळी वेळेवर पोचू शकला नाही, विमानतळावर अडकला होता. भीतीच्या पोटीच ते महिने वाटत होते. पण चार हातांवर बसलेल्या माणसाबद्दल बोलताना एकदाही कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मी सून. या बोलण्यात मी पडत नाही, तसं कुणी सांगितलेलं नाही, पण ते ठरलेलं आहे. मी हात पुसले, टेबलापाशी गेले, नवऱ्यासमोरचा लॅपटॉप उचलला आणि बाबांच्या समोर, फरसबीच्या ताटाशेजारी ठेवला.

"अगं, काय करतेस?" नवरा म्हणाला.

"तुम्ही तिघांनी आता एक प्रश्न विचारा," मी म्हटलं. "एकच. आणि मग त्याचं उत्तर येईपर्यंत कुणी बोलू नका."

पडद्यावर दोघं गोंधळून गेले. शेवटी नवराच येऊन बाबांच्या शेजारी बसला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाबांनी हातातली शेंग ताटात ठेवली.

"मला घरी जायचंय," ते म्हणाले. "आणि आत्ता जायचंय. ऑगस्ट संपायची वाट बघायला नको."

"पण आत्ताच का? काही झालं का इथे? कुणी काही बोललं का?" नणंद पडद्यातून माझ्याकडे बघत होती.

"कुणी काही बोललं नाही. ती माझं फार करते. पण तिकडे वर्षावास सुरू झालाय."

वर्षावास म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. लहानपणी तिघंही आईबरोबर जाऊन मागे सतरंजीवर झोपलेले. पण आई जिवंत असेपर्यंत वाचायला आई बसायची. गावात तिच्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ती गेली त्या वर्षी विहारातले लोक माझ्याकडे आले. म्हणाले, गुरुजी, बाईंची जागा तुम्ही घ्या. मी हो म्हटलं. ते चाललं असतं. पण पुढच्या जूनमध्ये तुम्ही तिकीट पाठवलंत, कौतुकाने पाठवलंत, मला नाही म्हणवलं नाही. यंदाही तेच झालं. दोन वर्षं तिथे दुसरं कुणीतरी वाचतंय. चांगलं वाचत असेल. पण ती जागा तुझ्या आईची आहे रे. मी तिथे बसलो की ती बसलीय असं मला वाटतं. तेवढे तीनच महिने वाटतं, आणि नेमके तेच तुम्ही मला बाहेर नेता."

माझ्या नवऱ्याने तोंडावर हात घेतला.

"आम्हाला कसं कळणार बाबा?" दीर म्हणाला. "तुम्ही कधी बोललात?"

"नाही बोललो. तुम्ही सगळं ठरवून सांगायचात, ठरलेल्यात काय बोलायचं? आणि घर कुणाला देऊ नका. त्या साहेबांना सांगा, मालक घरी येतोय."

"पण तुम्ही तिथे एकटे असताना काही झालं तर?" नणंद आता रडत होती. "आम्ही कुणीच जवळ नाही. मग आम्ही काय करायचं?"

"तर होईल. तुझ्या घरात असलो तरी व्हायचं ते होणारच आहे." बाबांचा आवाज चढला नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच होता. "तुम्ही या, राहा, मला फोन करा, मी उचलीन. उचलला नाही तर शेजारी सांगा. पण मी गेल्यावर, त्या महिन्यात मी कुणाकडे असायला हवा होतो, यावरून तिघं भांडू नका. मला त्याचीच भीती वाटते. मरणाची नाही वाटत."

नवऱ्याने डोळे पुसले आणि आपला फोन काढून तिकिटं बघायला लागला. आश्विन पौर्णिमेला अजून बरेच दिवस होते. पडद्यावर दीर खाली मान घालून बसला होता. नणंद मात्र बाबांकडे बघत राहिली, ती त्यांची एकुलती मुलगी.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला आमच्याकडे कधी आवडलंच नाही का?"

"आवडतं की गं," बाबा म्हणाले. "म्हणून तर न विचारता नेलंत तरी येत राहिलो."